मुद्देमालाला गोधडी

मी त्या कचेरीत रुजू झालो, त्या दिवशी नाना एका जप्त शेळीचं बाळंतपण करत होते. खोटं नाही सांगत. मी बदलीचा हुकूम हातात धरून दारात उभा, आणि आतल्या खोलीतून पन्नाशी उलटलेला एक माणूस बाहेर आला. धोतराचा काचा मारलेला, डोक्यावर काळी टोपी, हात कोपरापर्यंत ओले. मला म्हणाला, “गरम पाणी आणा.” मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. मीही मुकाट्यानं समोरच्या हॉटेलातून पाणी आणलं. नोकरीतलं माझं पहिलं सरकारी काम ते.

शेळीला दोन करडं झाली आणि नानांच्या कपाळावर आठी पडली. दारूच्या भट्टीवर धाड पडली तेव्हा भट्टीवाल्याच्या गाढवाबरोबर ही शेळीही सापडली होती. जप्तीत शेळी एक, आणि आता झाल्या तीन. कोर्टात हजर काय करायचं? आमचे साहेब म्हणाले, करडं कुणाला तरी देऊन टाका. नाना म्हणाले, मुद्देमालातून निघालं ते मुद्देमालच. पानाच्या टपरीवरून दोन पंच धरून आणले आणि करडांचा रीतसर पंचनामा केला. एक तांबडं, एक पांढऱ्या कानाचं. पुढे भट्टीवाला सुटला, तेव्हा नानांनी त्याच्या पदरात तिन्ही घातली. तो बिचारा हात जोडून म्हणाला, एक करडू तुम्हीच ठेवा, तुम्ही एवढं केलंत. नानांनी त्याला असा काही झापला की तो शेळ्या सोडून पळायच्या बेतात होता.

सत्तर सालच्या आगेमागे, धुळ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी आम्ही दारूबंदीच्या कचेरीत होतो. नाना हेडकारकून, मी त्यांच्या हाताखालचा, पण हाताखाली म्हणजे शेजारच्या टेबलावर. धाडीत जो माल जप्त होई तो कोर्टात पुरावा म्हणून दाखवेपर्यंत नानांच्या ताब्यात. त्यालाच मुद्देमाल म्हणायचं. तो ठेवायची एक अंधारी खोली होती आणि तिची किल्ली नानांच्या जानव्याला. त्या खोलीत शिरायच्या आधी नाना दारावर टकटक करायचे. आत कोणी नसायचं, असायच्या त्या बाटल्या आणि गुळाच्या ढेपा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आपण दुसऱ्याच्या मालाकडे जातोय, एवढं तरी पाळावं.

त्यांचं एकच तत्त्व. मुद्देमाल जसा आला तसा गेला पाहिजे. जास्त नाही, कमी नाही, जसाच्या तसा. एका जुगाराच्या अड्ड्यावरून भिंतीवरचं घड्याळ जप्त झालं होतं. ते जप्तीच्या वेळी चालू होतं, म्हणून नाना त्याला रोज किल्ली द्यायचे. रविवारी घरून यायचे, दिवाळीत यायचे. बरं, ते घड्याळ जप्तीच्या वेळी अर्धा तास मागे होतं. मधे काय झालं कोण जाणे, ते आपलं आपण सुधारलं आणि बरोबर चालायला लागलं. नाना दोन दिवस अस्वस्थ. शेवटी स्टुलावर चढले आणि काटे पुन्हा अर्धा तास मागे नेऊन ठेवले. मी हसलो, तर माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

नानांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, “मलाही लग्नात जशी आणली तशीच ठेवलीये हो. एक दागिना वाढला नाही.” नाना शेजारीच बसले होते. त्यांना ती आपली तारीफ वाटली.

तर अशा माणसाच्या ताब्यात गांजाची उभी झाडं आली. कुठल्या देवाला हे सुचलं कोण जाणे.

गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे एका शेतकऱ्याचं वावर होतं. तुरीच्या ओळीआड एका तुकड्यात माणसाच्या डोक्याइतकी उंच वीस-पंचवीस झाडं वाढलेली आमच्या साहेबांना दिसली. साहेब पुण्याकडचे. त्यांनी गांजा पाहिलेला, पण चिलमीत भरलेला. धाड पडली तेव्हा तो शेतकरी जागचा हलला नाही. अंगानं काटकुळा, डोक्याला भलं थोरलं मुंडासं. शांतपणे म्हणाला, “हाई अंबाडी शे, साहेब. हिनी भाजी करतस.”

आता अंबाडीचं पान आणि गांजाचं पान दोन हातांवरून पाहिलं तर भलेभले फसतात. बोटं पसरल्यासारखं तेही, हेही. साहेब बिचकले. त्यांनी दोन पानं तोडून घरी नेली असती आणि भाजी करून बघितली असती तर निकाल तिथंच लागला असता, पण ते काही त्यांना सुचलं नाही. खटला उभा राहिला. शेतकऱ्यानं धुळ्याहून वकील आणला. तोंडात कायम पान, आणि त्या पानातूनही इंग्रजी बोलायचा. त्यानं कोर्टाला सांगितलं, पीक अंबाडी आहे की गांजा हे शेतीखात्याच्या जाणकारानं उभं पीक पाहून सांगावं. कोर्टाला पटलं. हुकूम झाला, जाणकार येईपर्यंत पीक आहे तसं उभं ठेवावं, हेडकारकुनानं ते सांभाळावं, आणि आरोपीनं त्या तुकड्यात पाय ठेवू नये.

वकिलाचा डाव काय होता, ते त्यानं कोर्टासमोरच्या चहाच्या दुकानात इतक्या मोठ्यानं सांगितलं की अर्ध्या गावानं ऐकलं. सरकारी जाणकार होळीच्या आत येत नसतो. तोवर पौषाची थंडी पडेल, पाला करपून काळा होईल, तुरे झडतील. मग उरलेल्या काटक्यांवरून अंबाडी कोणती आणि गांजा कोणता, हे ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही. आरोपीच्या मुंडाशाखालचा चेहरा उजळला. गांजा ठरला तर वर्षा-दोन वर्षांची जेल होती, आणि मागं वावर बघायला त्याची बायको सोडून कोणी नव्हतं.

आणि थंडी पडली. कशी पडली म्हणता? सकाळी कळशीतल्या पाण्यावर पापुद्रा धरलेला. गावातली पपईची झाडं एका रात्रीत काळी ठिक्कर. जळगावकडून येणारे लोक सांगत होते, केळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालंय. हरभऱ्यावर दव गोठून मीठ शिंपडल्यासारखं दिसत होतं. आम्ही सगळे कचेरीत शेकोटीभोवती हात चोळत बसलो होतो. साहेब खुशीत होते, कारण त्यांनाही त्या झाडांचा कंटाळा आला होता. ते म्हणाले, नाना, मरू द्या की. कोर्टाला कळवून टाकू, थंडीनं गेली. नाना म्हणाले, साहेब, मरू द्या असं लेखी द्या. साहेबांनी विषय बदलला.

नानांचं मूळ गाव रावेरकडे, घर केळी पिकवणारं. थंडीपासून केळी कशी वाचवायची हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. ते त्याच दुपारी कामाला लागले. संध्याकाळी बुडाशी पाणी द्यायचं, म्हणजे जमीन उबदार राहते. पहाटे वाऱ्याच्या बाजूला ओला पालापाचोळा आणि शेण्या पेटवून धूर धरायचा. आणि झाडं उंच, म्हणून तुराट्यांचे सांगाडे बांधून वरून पांघरूण घालायचं. पांघरूण आणायचं कुठून? कापसाच्या जिनातून रिकाम्या पोत्यांचं बारदान मागून आणलं, ते पुरलं नाही. मग नाना आमच्या घरोघर फिरले.

माझ्या घरी आले तेव्हा मी जेवत होतो. आमच्या हिनं बाळंतपणात माहेरी बसून शिवलेली गोधडी, एका बाजूनं नऊवारीची आणि एका बाजूनं माझ्या जुन्या सदऱ्यांची, ती नाना खांद्यावर टाकून गेले. मी ओरडलो, म्हटलं नाना, गांजाला गोधडी आणि मला काय? ते म्हणाले, “तुम्हाला कोर्टात हजर करायचं नाहीये.” शिपायाची घोंगडी गेली, काकूंची शाल गेली, साहेबांची मच्छरदाणी गेली. त्या हिवाळ्यात मी चादरीत कुडकुडत झोपलो आणि गांजाला मनसोक्त शिव्या दिल्या.

सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी मी वावराकडे चक्कर मारायचो. गांजासाठी नाही, माझ्या गोधडीसाठी. तिथं झाडं लग्नाच्या वऱ्हाडासारखी पांघरूण घेऊन रांगेत उभी असायची. धुरातून सायकलवर जाणारा दूधवाला त्यांना “राम राम मंडळी” म्हणून गेलेला मी या कानांनी ऐकलाय. नाना मात्र गळ्याला मफलर गुंडाळून, डोळे धुरानं लाल, एकेक पांघरूण उतरवून पान बघायचे. ऊन वर आलं की पांघरूण काढायचं, नाहीतर आत पाला घुसमटतो, हे ते मला रोज सांगायचे. मी म्हणायचो, हो.

बांधाच्या पलीकडे आरोपी. तुकड्यात पाय ठेवायची बंदी म्हणून तो बांधावर बसायचा, विडी ओढत, पीक मरायची वाट बघत. नाना त्याला नावानं कधीच बोलावत नसत, ‘आरोपी’ म्हणत. पण म्हणायचे प्रेमानं. आरोपी, चहा घेतोस का? आणि किटलीतला चहा बांधावरून पलीकडे जायचा.

अडचण पाण्याची होती. विहीर आरोपीची, मोट आरोपीची, बैल आरोपीचे. नानांनी त्याला सरळ विचारलं, मोट हाकशील का. तो म्हणाला, “मनाच गळाले मीच फास लावू का, नाना?” नाना म्हणाले, तुझं बरोबर आहे. आणि बादली-दोर घेऊन स्वतः विहिरीवर गेले. त्या वयात तो माणूस एकेक बादली शेंदून एकेका बुडाशी ओतत होता. धाप लागायची, मधे बसायचे, पुन्हा उठायचे. मी एक-दोन दिवस हात लावला आणि मग मला कंबर आठवली. नानांच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर त्यांनी काकूंचं फाटकं लुगडं गुंडाळलं.

आरोपी हे सगळं बांधावरून बघत होता. मी तिथंच होतो त्या संध्याकाळी. बादली विहिरीच्या काठावर आपटली, निम्मं पाणी सांडलं, नाना मट्कन खाली बसले. बुडाशी कोरडी पडलेली ती शेवटची ओळ पार माना टाकून उभी होती. आरोपीनं विडी फेकली. आधी नानांना शिवी दिली, मग सरकारला, मग झाडांच्या आईला. उठला आणि बैल सोडून आणले. नाना बसल्या जागेवरून म्हणाले, “आरोपी, तुझं नुकसान होईल.” तो कासरा ओढत म्हणाला, “उभं पीक मरस ते मले दखवत नही.”

नानांनी मात्र उठून आधी बघितलं की मोटेची धाव, म्हणजे बैलांची जायची-यायची वाट, त्या तुकड्याच्या बाहेर पडते ना. पडत होती. मग म्हणाले, हाक.

त्या दिवसापासून संध्याकाळी आरोपी मोट हाकायचा आणि नाना फावडं घेऊन पाणी वळवायचे. वेड लागलं म्हणतात ते दोघांना एकदम लागलं. आरोपीची बायको सांगायची, हा माणूस रात्री महादेवाला साकडं घालतो की पीक जळू दे, आणि पहाटे उठून बघायला पळतो की जगलं ना. धूर कमी पडला तर आरोपी बांधावरून नानांवर ओरडायचा. पांघरूण उशिरा काढलं तरी ओरडायचा. त्याचा वकील एकदा धुळ्याहून मुद्दाम आला, करपलेलं पीक डोळे भरून बघायला. बघतो तर अशील मोट हाकतोय आणि गांजा हिरवागार डोलतोय. तो बांधावरच डोकं धरून बसला. तोंडातलं पान थुंकायचंही विसरला.

वकिलाचा दुसरा अंदाजही चुकला. जाणकार होळीची वाट न बघता थंडी ओसरता ओसरता आला. अमळनेरच्या एसटीतून उतरला, पोरसवदा, गळ्यात पिशवी. झाडांभोवती फिरला, पान चोळून वास घेतला, तुरे हातात घेऊन बघितले. अंबाडीचा तर प्रश्नच नाही म्हणाला. हा गांजा आहे, आणि या थंडीत इतकं निकोप पीक मी कुठं पाहिलं नाही, निगा कोणी राखली? नाना मान खाली घालून लाजले. मुलगी पसंत पडल्यावर बाप लाजतो, तसे. पाठीमागं बांधावर आरोपीचं तोंड पांढरं पडलं होतं. जे त्यानं बैल जुंपून जगवलं, तेच त्याला आत घालणार होतं.

कोर्टाच्या दिवशी गर्दी होती. आरोपीची बायको डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी बसली होती, आणि तिच्या हातात नवऱ्याबरोबर द्यायची भाकरी बांधलेली. म्हणजे तो आत जाणार, हे ती धरूनच चालली होती. एवढे दिवस मी त्या खटल्याकडे माझ्या गोधडीपलीकडे बघितलंच नव्हतं.

वकील मात्र बिलंदर. अंबाडीचं त्यानं नावसुद्धा काढलं नाही. गांजा तर गांजा, म्हणाला, पण लावला कोणी? बी पाखरंही टाकतात. आरोपीनं या पिकाची लागवड केली, निगा राखली, याचा पुरावा कुठं आहे? आणि त्यानं नानांना पिंजऱ्यात बोलावलं. नाना धुतलेला कोट घालून आले. शपथ घेतली. वकील एकेक विचारत गेला. पिकाची राखण कोणी केली? नानांनी केली. धूर कोणी केला? नानांनी. पांघरुणं कोणी घातली? नानांनी. लोक हसायला लागले, मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टेबलावर थाप मारली. मग वकिलानं, आपण नाही विचारलं तर सरकारपक्ष विचारेलच, अशा पडलेल्या आवाजात विचारलं, “आणि पाणी?”

आमची सगळी कचेरी मागं उभी. मोट कोणी हाकली ते आम्हाला माहीत, दूधवाल्याला माहीत, वकिलानं तर डोळ्यांनी पाहिलेलं. नाना खरं बोलले की आरोपी संपला. आणि नाना खरंच बोलणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. हा माणूस कोर्टात बायकोचं वयसुद्धा खरं सांगेल. आरोपी फरशीकडे बघत होता. त्यानं नानांकडे नजर वर केली नाही, काही मागितलं नाही.

“पाणी मी दिलं,” नाना म्हणाले. “सगळं मीच दिलं.”

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. निकालात म्हणाले की गांजा सिद्ध होतो, पण आरोपीनं तो वाढवला हे सिद्ध होत नाही. पीक वाढवल्याचा धडधडीत पुरावा आहे तो फक्त हेडकारकुनाविरुद्ध, आणि त्यानं ते कोर्टाच्याच हुकमानं केलं. आरोपी निर्दोष, मुद्देमाल पंचांसमक्ष उपटून जाळावा. आमच्या साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी बाहेर आल्या आल्या नानांना नाही नाही ते सुनावलं, पेन्शनची भीती घातली. घरी जाताना मी न राहवून विचारलं, नाना, शपथेवर? त्यांनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले, “मुद्देमाल हजर करायचं काम माझं होतं. तो हिरवा हजर केला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावरात गेलो. नाना, मी, शिपाई घासलेटचा डबा घेऊन, आणि पंच म्हणून दोन गावकरी. नानांनी शेवटची पांघरुणं उतरवली, घड्या घातल्या. पहिल्या झाडापाशी वाकले, बुडखा धरला आणि तसेच राहिले. मला वाटलं कंबर धरली. जवळ जाऊन बघतो तर माणूस रडत होता. आवाज न करता, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. मी त्या माणसाला इतकी वर्षं चेष्टेवारी नेलं, पण त्या क्षणी मला त्याची फार माया आली. शिपाई डबा हातातून खाली ठेवेना.

बांधावर तो उभा होता. आता त्याला आरोपी म्हणता येत नव्हतं आणि नाव तर आम्ही कधी घेतलंच नव्हतं. कोर्टाची बंदी उठली होती. तो बांध ओलांडून आत आला, नानांच्या खांद्याला धरून त्यांना बाजूला केलं.

“सरका, नाना,” तो म्हणाला. “आपलं पीक आपलेच काढनं पडस.”

पंच एकमेकांकडे बघायला लागले. सरकारी माणसांसमोर, भर उन्हात, एवढा सरळ कबुलीजबाब आमच्या कचेरीला आजवर मिळाला नव्हता. शिपायानं माझ्याकडे बघितलं, मी नानांकडे. नानांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

“मुळासकट काढा, भाऊ,” ते म्हणाले. “खाली काही राहिलं, तर मला परत राखणीला यावं लागेल.”

आणि काचा खोचून तेही त्याच्या शेजारी वाकले.